हात लावायचा नाही

नकाराचं मेल भर दुपारी आलं. 'आपला अर्ज स्वीकारता येत नाही, हे कळवताना आम्हाला खेद होतो,' एवढं मी वाचलं आणि दारातून समोरच्या काकूंचा आवाज आला, "काय गं, नाही म्हणाले?" मी अजून दुसऱ्या वाक्यावर पोचलेच नव्हते. लालबागच्या आमच्या चाळीत दिवसा दारं उघडी असतात, त्यामुळे माणसाचा चेहरा ही मजल्याची सामाईक मालमत्ता असते. मी मान हलवली. काकू आत आल्या, आमच्याच फळीवरचा लाडवांचा डबा खाली काढला, एक लाडू माझ्या हातात ठेवला, एक स्वतः घेतला आणि बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं.

थोड्याच वेळात मजल्याचं मत तयार झालं. कॉलेज भिकार आहे. त्यांना आपल्या मुली नकोच असतात. आणि मुख्य म्हणजे तिथे ओळख लागते. ओळखीशिवाय आजकाल कुठे काही होतं का? बाबा खुर्चीत बसून टीव्ही बघत होते. ते म्हणाले, "तेंचा नुकसान," आणि पुन्हा टीव्ही बघायला लागले. मला फोन गॅलरीतून खाली फेकावासा वाटत होता. माझं डोकं लवकर फिरतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. फोन नवा होता म्हणून वाचला.

कॉलेज परदेशातलं होतं, फिजिओथेरपीचं. माझी डिग्री प्राणिशास्त्राची. इथे फिजिओथेरपी करायची तर बारावीनंतरच शिरावं लागतं, आणि बारावीत मला तो शब्दही माहीत नव्हता. त्या कॉलेजात दुसऱ्या विषयाचे पदवीधरही चालत होते. शब्द मला कळला तो बाबांमुळे. बाबा फोर्टमधल्या एका ऑफिसची गाडी चालवायचे. मी शेवटच्या वर्षाला असताना एका सकाळी त्यांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. हॉस्पिटलात डॉक्टर यायचे, कागद बघायचे, एकमेकांशी बोलायचे आणि जायचे. एक मुलगी मात्र बाबांकडे बघत आली, म्हणाली, "काका, आज बसायचंय," आणि जो माणूस कुशीवर वळत नव्हता, त्याला खाटेच्या कडेला बसवूनच गेली. सुई नाही, गोळी नाही. मी बघतच राहिले. बाबा म्हणाले, "ही डॉक्टरीण नाय, ही तालमीतली आसा." मला तेव्हाच कळलं की आपल्याला हेच करायचंय. एवढं स्वच्छ मला आयुष्यात दुसरं काहीच कळलेलं नाही.

तर तो पहिला अर्ज. त्यात दोन शिफारसपत्रं मागितली होती. एक कॉलेजच्या सरांनी दिलं. दुसरं कोणाचं, हा प्रश्न आमच्या घरात एक मिनिटही टिकला नाही. शिफारस म्हटलं की गल्लीतल्या गणपती मंडळाचे अध्यक्ष. शाळेत प्रवेश, नळाचं कनेक्शन, पोलिसांचं व्हेरिफिकेशन, सगळीकडे त्यांचंच पत्र चालत आलेलं आहे. त्यांनी लिहिलं की सदर मुलगी आमच्या परिचयाची असून तिची वर्तणूक चांगली आहे, तरी तिला प्रवेश देऊन सहकार्य करावे. माझ्या एका मैत्रिणीनं त्याचं इंग्रजी केलं. अध्यक्षांनी खाली सही केली आणि मंडळाचा गोल शिक्का मारला, त्यात मध्ये गणपती. शिक्का नीट उठला नाही म्हणून दुसऱ्यांदा मारला. त्यामुळे त्या परदेशी कॉलेजला दोन गणपती गेले.

अर्जासोबत 'मला हे का शिकायचंय' असं निवेदनही लागायचं, ते मी स्वतः लिहिलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं. लहानपणापासून सेवेची आवड. उत्सवात दर्शनाच्या रांगेत म्हाताऱ्या माणसांना दंडाला धरून मी पायऱ्या कशा चढवते. घरी बाबांना भरवते, त्यांची बटणं लावते, चप्पल घालते, आंघोळीचं पाणी काढते. वाचताना मलाच भरून आलं होतं. आईनं वाचलं तेव्हा तिलाही भरून आलं. असा अर्ज नाकारायला काळीज दगडाचं हवं, असं आमचं दोघींचं मत होतं.

दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "विचार ना त्यांना, का नाही म्हणून. तोंड नाही का तुला?" मजल्यानं दिलेल्या सल्ल्यांपैकी उपयोगी पडलेला हा एकच. मी विचारलं. उत्तर यायला बरेच दिवस लागले आणि आलं ते जेमतेम चार ओळींचं. 'तुम्ही लोकांसाठी काय काय करता, हे तुम्ही सविस्तर लिहिलं आहे. तुमच्यामुळे ते लोक स्वतः काय करू लागले, हे कुठेच दिसत नाही. फिजिओथेरपीचं काम जवळून पाहावं, असं सुचवतो. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू शकता.'

मला तोंडात मारल्यासारखं झालं. च्यायला, इथे मी बापाची चप्पल घालतेय, आणि तुम्ही तिथे बसून मला विचारता, बाप काय करू लागला? मी मेल आईला वाचून दाखवलं. आई दादरला साड्यांच्या दुकानात काउंटरला असते. दिवसभर गिऱ्हाइकाशी गोड बोलून आल्यावर घरी तिच्याकडे गोड काही शिल्लक नसतं. ती म्हणाली, "ह्यांच्या घरात म्हातारी माणसं नसतात वाटतं," आणि कुकर लावला.

काम जवळून बघायचं तर कोणाचं? आईच्या दुकानापासून थोडं पुढे, एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. तिथल्या मॅडम आईच्या गिऱ्हाईक. म्हणजे शेवटी ओळखच लागली, हे काकूंनी नंतर मला पुष्कळदा ऐकवलं. मॅडम साठीच्या, बोलणं पुणेरी वळणाचं आणि तुटक. त्यांनी माझं निवेदन उभ्या उभ्या वाचलं आणि परत दिलं. म्हणाल्या, "कोपऱ्यात स्टूल आहे. तिथे बसायचं. बघायचं. कोणाला हात लावायचा नाही." मला वाटलं, पहिल्या दिवसापुरतं असेल.

पहिल्याच दिवशी एक आजोबा खुर्चीतून उठत होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ते पुढे वाकले, अर्धे उठले आणि थरथरायला लागले. मी स्टुलावरून उडी मारून त्यांचा दंड धरला. आमच्याकडे माणूस असा थरथरत असताना बसून राहणाऱ्याला काय म्हणतात, ते इथे लिहिता येणार नाही. आजोबा म्हणाले, "थँक्यू बेटा," आणि सगळा भार माझ्यावर टाकून निवांत उभे राहिले. मॅडम म्हणाल्या, "खाली बसा आजोबा, परत उठायचंय. आणि तू पण खाली बस." आजोबांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्यांचं पेन्शन खाल्लंय.

मग मी बसले. बसणं इतकं कठीण असतं, हे मला माहीत नव्हतं. वरळी कोळीवाड्यातल्या एक मावशी यायच्या, मासे विकणाऱ्या. खांदा मोडून जुळलेला, पण हात वर जाईना. दाराला लावलेल्या कप्पीवर दोरी ओढत त्या हात वर न्यायच्या आणि कप्पीला शिव्या द्यायच्या. त्या शिव्या मी लालबागमध्येही ऐकलेल्या नाहीत. डोळ्यांतून पाणी यायचं. माझे हात आपोआप पुढे जायचे, म्हणून मी ते मांडीखाली दाबून ठेवायचे. मॅडम शांतपणे म्हणायच्या, "अजून एक." एकदा मी न राहवून म्हणाले, "मॅडम, त्यांना दुखतंय." मावशींनी दोरी सोडली आणि माझ्यावरच उखडल्या, "दुखतंय ते मला दुखतंय ना? तू कशाला मधे? मला पाटी डोक्यावर घ्यायचीय, तू येणारेस रोज उचलून द्यायला?" मी नाही म्हणाले. मॅडमनी दोरी परत मावशींच्या हातात दिली. मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवशी बसमधून घरी येताना ते परदेशी मेल माझ्या डोक्यात नव्यानं शिरलं. घरी पोचले तर बाबांचा दुपारचा कार्यक्रम चालू होता. मी क्लिनिकात जायला लागल्यापासून मजल्यानं बाबांना वाटून घेतलं होतं. एकजण चहा आणून कप तोंडाला लावायचा. काकू शर्ट बदलायच्या. कोणी चप्पल घालायचं, कोणी गॅलरीतून दोन फेऱ्या मारून आणायचं, दोन्ही काखांत हात घालून, म्हणजे बाबांचे पाय जमिनीला लागत होते ते केवळ शिष्टाचार म्हणून. पाणी पाहिजे असं बाबांनी म्हणायच्या आत पाणी यायचं. दीड वर्षात त्या माणसानं स्वतःच्या हातानं एक बटण लावलेलं नव्हतं. आणि हे सगळं प्रेमानं, एक पैसा न घेता. काकूंनी आपल्या नवऱ्याचे इतके लाड कधी केलेले नाहीत.

मी मॅडमना बाबांबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "घेऊन ये." टॅक्सीनं नेलं. त्यांनी बाबांची तपासणी केली, बोटं, मनगट, खांदा, पाय. मग बाबांना म्हणाल्या, "तुम्हाला जेवढं येतं, त्याच्या निम्मंही तुम्ही करत नाही." बाबा म्हणाले, "करूक देतत खंय?" मॅडमनी काय करायचं ते लिहून दिलं, मला करून दाखवलं, आणि हेही सांगितलं की पडणार असतील तरच धरायचं. पडतील असं वाटलं म्हणून नाही.

दुसऱ्या दिवशी मी मजल्यावर जाहीर केलं की आजपासून बाबांना कोणी हात लावायचा नाही.

मजला पेटला. काकू म्हणाल्या, "अगं, माणूस आहेस का कोण? बापाला पाणी द्यायचं नाही?" मी म्हणाले, द्यायचं नाही असं नाही, टेबलावर ठेवायचं, ते घेतील. "आणि नाही घेता आलं तर?" तर थांबायचं. "किती थांबायचं?" घेईपर्यंत थांबायचं. काकूंनी कपाळावर हात मारला आणि पदर खोचून निघून गेल्या. बाकीच्यांचं म्हणणं होतं की शिकलेल्या पोरी अशाच वागतात. मी कोणाला उलट बोलले नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. मी सगळ्यांना उलट बोलले.

बाबांना खुर्चीतून उठायला शिकवलं. पाय मागे, धड पुढे, नाक पायाच्या बोटांच्या वर. सुरुवातीला ते अर्धे उठायचे आणि धपकन बसायचे. धप्प झालं की गॅलरीत चार डोकी दिसायची. कोणी आत यायचं नाही, पण "आई गं" असं एकसुरात व्हायचं. जिन्याला मॅडमचा नियम होता, चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी वाईट पाय. हा नियम मजल्याला दोन दिवसांत पाठ झाला. मग बाबा जिन्यात असले की खालपासून वरपर्यंत सगळे ओरडायचे, "वाईट! वाईट पाय!" नवीन माणसाला वाटायचं, इथे काहीतरी भयंकर चाललंय. हात लावायला बंदी होती, तोंडाला नव्हती.

दरम्यान माझा अर्ज मजबूत करायचाय, ही बातमी फुटली होती. प्रत्येकाला त्यात हातभार लावायचा होता. एक मामी म्हणाल्या, "माझी मान घे ना तुझ्या अर्जात, किती वर्षं धरलीय." कोणी टाच घेऊन आलं, कोणी कंबर. एकानं तर रीतसर विचारलं, परदेशात सायटिकाला जास्त वजन आहे की गुडघ्याला. मी सगळ्यांना एकच सांगायचे, डॉक्टरांना दाखवा, मी अजून कोणी नाही. त्यावर ते समजुतीनं म्हणायचे, "होशील गं."

आणि मग चहा सांडला. बाबा उजव्या हातानं कप उचलायला शिकत होते, अर्धा कप, कोमट. त्या दिवशी मी क्लिनिकात होते, आईला सुट्टी होती, तिनं नेहमीच्या सवयीनं कडकडीत चहा भरून ठेवला आणि बाबांनी तो नव्या सवयीनं उजव्या हातानं उचलला. मांडी भाजली. फार नाही, पण फोड आले. मी घरी आले तर आई मलम लावत होती. वर न बघता ती म्हणाली, "तुझ्या अर्जासाठी बापाला कामाला लावलंस. लिहायला काहीतरी पाहिजे ना तुला?"

मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. मला रडायला येत होतं आणि रागही येत होता, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आई साफ खोटं बोलत होती असंही मला म्हणता येईना. बाबा बरे व्हावेत म्हणून मी हे करत होते. पण रोज संध्याकाळी ते काय करू लागले ते मी टिपूनही ठेवत होते. आतून बाबांचा आवाज आला, आईला म्हणत होते, "तू गप रव. भाजला ता माका. कप माझो, हात माझो." मग मला हाक मारली आणि म्हणाले, "उद्या परत. पण चाय थंड कर."

अर्ज भरायची वेळ आली तेव्हा मी त्यांना सरळ विचारलं, "बाबा, तुमच्याबद्दल लिहू का?" ते म्हणाले, "लिही. फोटो लावू नको." तोवर ते बटणं लावू शकत होते, खालची दोन सोडून. चमच्यानं जेवत होते. कठड्याला धरून एकटे जिना उतरून नाक्यापर्यंत जात होते, आणि त्यांच्यामागे थोडं अंतर ठेवून काकू भाजी आणायला निघाल्यासारख्या जात होत्या. मी लिहिलं, पण सेवेचं एक वाक्य लिहिलं नाही. स्टुलाबद्दल लिहिलं, मावशींनी मला काय सुनावलं ते लिहिलं, चहाचंही लिहिलं. दुसरं शिफारसपत्र ह्या वेळी मॅडमनी दिलं. अध्यक्षांचं घेतलं नाही म्हणून ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

ऑनलाइन मुलाखत दुपारी होती. मजल्यानं मिक्सर बंद ठेवले, टीव्ही बंद ठेवले, गॅलरीत सगळे इतके शांत बसले होते की मला त्या शांततेचाच आवाज येत होता. पडद्यावर दोन बायका. एकीनं विचारलं, ह्या वर्षात तुम्हाला सगळ्यात कठीण काय गेलं? मी म्हणाले, "बसून राहणं." ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही, तिनं लिहून घेतलं. मग म्हणाली, अजून सांगा. मी सांगितलं.

होकाराचं मेल आलं तेव्हाही काकू आधीच दारात होत्या. पेढे आले. अध्यक्ष आले आणि म्हणाले, "माझं गेल्या वर्षीचं पत्र आत्ता लागू पडलं बघ. टाइम लागतो." मामींना त्यांच्या मानेचा उल्लेख होता की नाही, ते जाणून घ्यायचं होतं. मी होता म्हणून सांगितलं. सगळे खूश होते. आई सगळ्यांना पेढे देत होती, हसत होती. माणसं गेल्यावर तिनं पातेलं घासायला घेतलं आणि एवढंच म्हणाली, "आता ह्यांचं?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. ती सकाळी दुकानात जाते, संध्याकाळी येते. क्लिनिक सोडलं तर मधले सगळे तास माझे होते. बाबा आता बरंच करत होते, पण रोज थोडं रेटणारं कोणी नसलं तर मजला पुन्हा त्यांना प्रेमानं खुर्चीत बसवणार, ह्यात मला तिळमात्र शंका नव्हती.  जेवताना मी सांगून टाकलं, "मी प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का विचारते. बाबा अजून सुधारले की जाईन." आईनं हुश्श केलं, तोंडानं नाही, पण तिचे खांदे खाली आले ते मला दिसले. खांदे बघायची सवय लागली होती. बाबा चमच्यानं भात जेवत राहिले.

रविवारी सकाळी ते म्हणाले, "नारळ आण. गाराणा घालूचा हा."

आमच्याकडे कोकणातली पद्धत आहे. चांगलं काही झालं, किंवा व्हायचं असलं, की घरातला कर्ता माणूस हातात नारळ घेऊन देवासमोर उभा राहतो आणि देवाला मोठ्यानं सगळं सांगतो, काय झालं, काय पाहिजे, कोणाला सांभाळ. ह्याला गाऱ्हाणं म्हणतात. प्रत्येक वाक्याला मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. होकार आला की पुढचं वाक्य. झटका आल्यापासून आमच्या घरचं गाऱ्हाणं अध्यक्षच घालत होते, कारण गाऱ्हाणं बसून घालत नाहीत आणि नारळ उजव्या हातात लागतो.

सगळा मजला आमच्या खोलीत आणि दाराबाहेर जमला. बाबांनी पाय मागे घेतले, पुढे वाकले आणि उठले. मी नारळ त्यांच्या उजव्या तळव्यावर ठेवला. सोललेला, शेंडीवाला, चांगला जड. हात थरथरायला लागला. अध्यक्ष नकळत पुढे सरकले तर काकूंनी त्यांचा सदरा मागून ओढला.

"बा देवा म्हाराजा!" बाबा म्हणाले.

"व्हय म्हाराजा!"

"आमच्या चेडवाचो अर्ज पास झालो, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गेल्या वर्षी तो नापास झाल्लो. तेव्हा मी खुर्चीत होतंय. चाय तोंडाक लावूक माणूस लागत होतो, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्याला काकूंचा आवाज सगळ्यात मोठा होता.

"आता मी बटणां लावतंय. चमच्यान जेवतंय. एकटो जिनो उतारतंय. ता कशाक शिकलंय? तर ह्या चेडू जातला म्हणान शिकलंय. नायतर माका हयसर काय कमी होता, म्हाराजा?"

"व्हय म्हाराजा!" सगळे सवयीनं म्हणाले. मग काय विचारलं होतं ते त्यांच्या लक्षात आलं. आईनं तोंडाला पदर लावला.  वर्षभर मी समजत होते की मी त्यांना शिकवतेय आणि ते माझ्या हट्टापायी सोसतायत. मी गेल्यावर अडू नये म्हणून हा माणूस रोज धपकन पडत होता आणि पुन्हा उठत होता, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

"आता ह्या चेडू म्हणता, मी जावचंय नाय, बाबाक बघूक रवतंय. तेका बुद्धी दी रे म्हाराजा! तेका ह्याच वर्षी जावंदे. आणि जो कोण तेका आडवीत, तो बापूस आसूंदे नायतर आवस, तेका बघून घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले, हळू. आईही म्हणाली. मला माझ्या शेजारी तिचा आवाज ऐकू आला.

बाबा पुढे बोलेनात. नारळ आता खूप हलत होता. हात खाली यायला लागला, त्यांनी तो परत वर घेतला. मला वाटलं, दमले. मी एक पाऊल पुढे टाकलं. मान न वळवता ते म्हणाले, "एक आवाज कमी इलो."

 बाबा तसेच उभे होते, हातात नारळ घेऊन, होकाराची वाट बघत.

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले.